नऊ पिंपं आणि चोवीस लिंबं

नादगुरूंना काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे चमत्कार बघताना नजर जागेवर राहील. टेस्टिंग रूमची अर्धी मालकी. म्हणजे रस्त्याकडे मोठी खिडकी असलेली, वाइन चाखायची ती खोली, बारा टेबलं, बिअरचे चार नळ, खालचं तळघर, तळघरातली वाइनची नऊ लाकडी पिंपं आणि दारावरची पाटी, हे सगळं अर्धं. शिवाय आयुष्यभर हवी तेवढी बिअर फुकट, हे कलम करारात वेगळं घातलेलं होतं. बदल्यात ते देणार होते एक आवाज. टिंऽऽऽग असा.

मी वजनमाप निरीक्षक. गावातल्या प्रत्येक तराजूला, लिटरच्या मापाला आणि पेल्यावरच्या रेघेला वर्षातून एकदा मला तोंड द्यावं लागतं. त्या शनिवारी दुपारी टेस्टिंग रूमचे पेले तपासायला गेलो, तर दारातच अडकलो. एरवी तिथे वीस माणसं जमली की मालकीणबाई खुर्च्या शोधत फिरतात. आज सत्तर-ऐंशी तरी होती. खिडकीच्या कट्ट्यावर न्हावी चढून बसला होता आणि त्याच्या हातात बेकरीवाल्याची टोपी होती. बेकरीवाला पुढे घुसला तेव्हा ती मागेच राहिली होती.

"साहेब, आज पेले राहू द्या," न्हावी म्हणाला. "आज चमत्कार आहे."

"किती मिलिलिटरचा?"

"चेष्टा नको. नासलेली वाइन बसल्या जागी गोड होते. मागच्या शनिवारी मी स्वतः प्यायलोय."

"मग पोट कसं होतं?"

न्हाव्यानं जरा विचार केला. "पोटाचं वेगळं," तो म्हणाला.

झालं होतं ते असं. मालकीणबाई इथल्याच द्राक्षांची वाइन स्वतः करतात. बिअर तेवढी गावातल्या कारखान्यातून येते. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या दीड महिना बाहेर राहिल्या, घर आणि तळघर आत्याच्या भरवशावर टाकून. परत येऊन बघतात तर नऊच्या नऊ पिंपं आंबटढाण. वर्षभराची मेहनत गेली. दोन महिन्यांत दाराला कुलूप लागणार, हे त्यांना दिसत होतं. अशा वेळी कोपऱ्यातल्या टेबलावर एक पांढरीशुभ्र दाढी येऊन बसली, तिनं बिअर मागवली, दुसरी मागवली आणि तिसरीच्या वेळी विचारलं, "बाई, खाली कोण रडतंय?"

"कोणी नाही."

"वाइन रडतेय," दाढी म्हणाली. हेच नादगुरू. तेव्हापासून तीन आठवडे त्यांचा मुक्काम तिथेच होता.

मी कसाबसा काउंटरपर्यंत पोचलो. आत्या पेले पुसत होत्या. म्हणजे मालकीणबाईंच्या सख्ख्या आत्या, पण गाव त्यांना आत्याच म्हणतं. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, कारण ड्युटीवर मी दुकानातलं दुसरं काहीच घेत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

नादगुरू मधल्या टेबलावर उभे राहिले. हातात दोन बोटांसारखा पोलादी काटा होता. तो काटा आपटला की बराच वेळ वाजत राहतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच, फक्त याला रेशमी दोरा बांधला होता.

"मंडळी, वाइन नासत नाही," ते म्हणाले. "वाइन रुसते! तिच्यात कोणाच्या तरी मनातली खोट उतरलेली असते. ती नादानं झडते. पण त्याआधी आपली जीभ शुद्ध हवी. सकाळपासून तुम्ही या जिभेनं काय काय बोललात, आठवा!"

बेकरीवाल्यानं मान खाली घातली. त्याचं सकाळीच पीठवाल्याशी भांडण झालं होतं.

एका बशीतून जिव्हाशुद्धीच्या गोळ्या फिरल्या. लालसर, बटणाएवढ्या. "चावू नका, गिळू नका. जिभेवर घोळवा, पूर्ण विरघळू द्या." सगळे गालात गोळी धरून गंभीर झाले. सत्तर माणसं एकदम गप्प बसल्याचं मी त्या खोलीत पहिल्यांदाच पाहिलं. चमत्कार म्हणाल तर एवढा खरा होता.

बशी काउंटरवर आली. मी नियमावर बोट ठेवलं. आत्या म्हणाल्या, "डॉक्टरनं मला अकरा गोळ्या लावल्यात. बारावी देवानं दिली तरी घेणार नाही."

मग पेले भरले गेले. माझ्याजवळून ट्रे गेला तेव्हा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी तरळलं. शंभर टक्के व्हिनेगर. पण नादगुरूंकडे त्याचीही सोय होती.

"आता नाक दाबा! नाक हे संशयी इंद्रिय आहे. माणूस आधी नाकानं शंका घेतो, जीभ बिचारी भोळी असते. दाबलं? आता ऐका!"

टिंऽऽऽग.

सत्तर माणसांनी नाकं चिमटीत धरून घोट घेतले. मग सर्दी झालेल्या आवाजांचा एकच गिल्ला उठला. "गोड! अरे, गोड आहे! सरबतासारखी गोड!" बेकरीवाल्यानं पीठवाल्याला मिठी मारली. मालकीणबाईंनी स्वतः घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं. त्यांनी पदराला हात पुसले आणि टेबलावरचा करार पुढे ओढला.

"थांबा," नादगुरू उदारपणे म्हणाले. "सहीआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी एक घोट घ्यावा. आत्या, या."

आत्यांनी घोट घेतला आणि वळून सगळा बेसिनमध्ये थुंकला. "शी! हे व्हिनेगर आहे."

सगळ्या माना आत्यांकडे वळल्या. नादगुरू मात्र जराही डगमगले नाहीत. त्यांनी काटा आत्यांकडे रोखला. "बघा मंडळी! जिच्या मनात खोट, तिच्याच जिभेला आंबट!"

बाण अंधारात सोडला होता, पण लागला. आत्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"आहे खोट," त्या म्हणाल्या. "पोरी, मी तुला सांगणारच होते. तू जाताना म्हणाली होतीस, दर आठवड्याला बाटल्यांतल्या वाइननं पिंपं वरून भरत जा. मी एकदाही भरली नाहीत."

"आत्या!"

"अगं, पिंप भरलेलंच दिसत होतं. भरलेल्या पिंपात आणखी चांगली वाइन कशाला ओतायची? माझ्या जिवावर आलं. सहा डझन बाटल्या मी माझ्या कपाटात जपून ठेवल्यात. साड्यांच्या खाली."

लाकडातून वाइन हळूहळू उडते, वर पोकळी होते, पोकळीत हवा शिरते आणि हवेनं वाइनचं व्हिनेगर होतं. हे मालकीणबाईंना पाठ होतं. आत्यांना कोणी कारण सांगितलं नव्हतं, नुसतं काम सांगितलं होतं. आणि ज्या हातांनी आयुष्यभर थेंब न थेंब वाचवला, त्यांनी इथेही वाचवला.

मला वाटलं, संपलं नादगुरूंचं. कसलं काय! "खोट सापडली!" ते ओरडले. "नादानं ती ओढून बाहेर काढली! आता वाइन कायमची गोड!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिघाडाचं खरं कारण समोर सांगितलं गेलं आणि त्याचंही श्रेय काट्यालाच मिळालं. मालकीणबाईंचे डोळे भरलेले होते, पण पेन हातात होतं.

"एक मिनिट, ताई," मागून आवाज आला. समोरच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाई. "सही करू नका. मी आलेच."

"बाई, तुम्हाला गोड नाही लागली का?" न्हाव्यानं विचारलं.

"लागली ना! तेच तर खुपतंय मला," असं म्हणत बाई बाहेर पडल्या. शेजारच्या भाजीवाल्याकडून दोन डझन लिंबं घेऊन परत आल्या, सुरीनं भराभर फोडी केल्या आणि वाटल्या. "खा."

"नुसतं लिंबू?"

"नुसतं. नाद नाही, नाक दाबणं नाही. खा बघू."

न्हाव्यानं एक डोळा मिटून फोड चावली. मिटलेला डोळा उघडला. "बाई, हे संत्रं आहे की काय?" पाच मिनिटांत खोलीभर माणसं लिंबं चोखत होती, बोटं चाटत होती. बेकरीवाला पीठवाल्याच्या वाटची फोड पळवताना सापडला आणि त्यांचं पुन्हा भांडण सुरू झालं.

नादगुरूंनी घसा साफ केला. "नाद खोलीत भरून राहिलाय. लिंबांनाही लाभ झाला."

"असं?" बाई म्हणाल्या. "साहेब, तुम्ही नाद ऐकलात?"

"ऐकला. गोळी घेतली नाही."

"मग खा."

मी वही मिटली, खिशात घातली, म्हणजे ड्युटी संपली, आणि फोड चावली. माझं तोंड कसं झालं ते मला दिसलं नाही, पण न्हावी हसता हसता कट्ट्यावरून खाली आला.

मग बाई बशीतली एक गोळी घेऊन रस्त्यावर गेल्या. भाजीवाला दिवसभर ट्रकच्या आवाजात बसलेला. त्यानं नाद ऐकला नव्हता आणि कोणाशी वाकडंही नव्हतं. गोळी विरघळेपर्यंत थांबून त्यानं आपलंच लिंबू चाखलं. खिडकीतून त्याची आरोळी आली, "अहो बाई! एवढी गोड लिंबं मी या भावात देतोय?"

बाई दारात उभ्या राहिल्या. "खोलीत बसून नाद ऐकला, पण गोळी नाही, त्यांना आंबट. नाद नाही, पण गोळी आहे, त्याला गोड. आता सांगा, करामत कशाची?"

"गोळीची," सगळे म्हणाले.

"एका झुडपाला लाल फळं येतात. त्यांतलं एक प्रथिन जिभेला चिकटून बसतं. त्याला स्वतःला चव नाही, पण वर आंबट आलं की जिभेला ते गोड भासतं. अर्धा-पाऊण तास, बस. मी हे वाचलं होतं, चाखलं आज. वाइन आहे तशीच आहे. बदलली ती आपली जीभ."

"खोटं!" नादगुरू गरजले. "माझा नाद..."

"गुरुजी," मी म्हणालो, "तीन आठवड्यांत तुम्ही बिअर सोडून दुसरं काही प्यायलेलं मी तरी ऐकलं नाही. तुम्ही बरी केलेली वाइन तुम्हीच एक पेला घ्या की."

आत्यांनी पेला भरला. अगदी रेघेपर्यंत, मी तपासलं. नादगुरूंचा हात काउंटरवर सरकत सरकत बशीकडे गेला. बशी तिथे नव्हती. ती आत्यांच्या ओच्यात होती.

"गोळी कशाला?" आत्या म्हणाल्या. "तुमची जीभ शुद्धच असेल की!"

सत्तर माणसं बघत होती. नादगुरूंनी नाक दाबलं, डोळे मिटले आणि घोट घेतला. दाढीसकट तो चेहरा असा आक्रसला की त्यात तोंड कुठलं आणि नाक कुठलं हे कळेना. पुढच्या मिनिटाला दार वाजलं. तेही टिंग नव्हे, धाडकन.

मालकीणबाईंनी कराराच्या कागदाचे दोन तुकडे केले, मग त्या आत्यांकडे गेल्या. मला वाटलं आता बोलणार. "साड्यांना डाग नाही ना पडले?" एवढंच त्यांनी विचारलं. आत्यांनी पडलेलं फडकं उचलून डोळ्यांना लावलं.

आता कोणी काय भरलं ते सांगतो. नादगुरूंनी तीन आठवड्यांच्या बिअरचं बिल भरलं नाही. काटा मागे राहिला, तो बाईंनी रेशमी दोरा काढून ध्वनीचा धडा शिकवायला शाळेत नेला. लोकांनी पोटानं भरलं. जीभ फसली होती, आतडं फसलं नव्हतं, आणि सोमवारी औषधाच्या दुकानात रांग होती. मालकीणबाईंनी नऊ पिंपं व्हिनेगर म्हणून विकली, बाटलीवर तसं स्पष्ट लिहून, वाइनच्या चौथाई भावात. कपाटातल्या सहा डझन बाटल्यांवर टेस्टिंग रूम पुढच्या हंगामापर्यंत तग धरून राहिली. पिंपं आता आत्याच भरतात, आणि का भरायची ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, न विचारणाऱ्यालाही.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. चमत्काराआधी कोणी काही तोंडात घालायला दिलं, नाक दाबा म्हणालं, डोळे मिटा म्हणालं, तर तिथेच थांबा. जे इंद्रिय बंद करायला सांगतात तेच उघडं ठेवा, आणि एकदा तरी गोळीशिवाय चाखून बघा. याला फार खर्च येत नाही. त्या दिवशी आला तो चोवीस लिंबांचा, आणि तो बाईंनी स्वतःच्या पर्समधून केला. माझ्या एका लिंबाचे पैसे मी त्यांना दिले. तेवीस लिंबांचे गावाकडून अजून यायचेत.