चस्मा शोधा

सासरेबुवांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढून संसार केलेला माणूस. त्यांना त्या सकाळी सुनेच्या लॅपटॉपने चार वेळा सुनावलं, पासवर्ड चुकीचा आहे.

अकरा वाजता सुनेची मुलाखत होती, लॅपटॉपवरच. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा तिने नोकरी सोडली होती. सोड असं कुणी म्हटलं नव्हतं, पण सोडू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि हे सासरेबुवांना अजून टोचत असे. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. इतके अर्ज करून आज पहिल्यांदा कुणी तिला बोलावलं, आणि नेमकी आजच रस्ता खोदणाऱ्यांनी इंटरनेटची वायर तोडली. तळमजल्यावरच्या त्या घरात सुनेच्या फोनला रेंज मिळेल तर शपथ. रेंज यायची ती फक्त सासूबाईंच्या फोनला. तो आता सासरेबुवा वापरत आणि कुणाच्या हाती देत नसत.

"बाबा, हॉटस्पॉट चालू आहे ना?"

"आहे."

"आणि बॅटरी सेव्हर?"

तोही चालू निघाला. बंद केला. विमानाचं चिन्ह दाबलं, पुन्हा सोडलं. फोन बंद करून चालू केला, तर तो इतक्या सावकाश जागा झाला की सून नखं खायला लागली. लॅपटॉपला जुनं नेटवर्क विसरायला लावलं. तो शहाण्यासारखा विसरला, नव्याने पासवर्ड मागितला आणि पुन्हा आपल्या पालुपदावर आला.

"परत सांगा बरं."

सासरेबुवांनी खिशातली डायरी उघडली. "इंग्रजी अक्षरं, सगळी जोडून. सी, एच, ए, एस, एच, एम, ए. चष्मा. पुढे शोधा."

"हा ठेवला कुणी?"

"हिनेच. टॅबवर विणकाम बघायची ना. मला म्हणाली, लिहून ठेवा. ठेवला."

सुनेने मान वर केली. "बाबा, त्यांनी सांगितलं ते लिहिलंत, की बरोबर असेल ते?"

सासरेबुवा चिडणार होते. पण घड्याळात अकराला सहा मिनिटं कमी होती. त्यांनी मुकाट्याने फोनमधलं हॉटस्पॉटचं पान उघडलं, पासवर्डशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. ठिपक्यांची अक्षरं झाली. एक एच कमी होता.

चस्मा. बाई जन्मभर चस्माच म्हणाली. त्यात पोटफोड्या ष आहे, असं हे सांगायचे. त्याचं पोट फुटू दे नाहीतर राहू दे, तो तुमच्या कपाळावर आहे, असं ती सांगायची.

"मधला एच काढ," ते म्हणाले. "तो माझा आहे."

लॅपटॉप जोडला गेला. सुनेने खोलीचं दार लावलं. बाहेरच्या खोलीच्या खिडकीत रेंज चांगली म्हणून सासरेबुवा तिथेच स्टुलावर बसले, तळहातावर फोन आडवा धरून, पाऊण तास. हात भरून आला तरी हलले नाहीत. मध्येच दाराआडून सून मोकळी हसल्याचं ऐकू आलं. तसं ती तीन वर्षांत हसली नव्हती. त्यांना रडू आलं.

ती बाहेर आली. "सोमवारी प्रत्यक्ष भेटायला बोलावलंय."

"तेव्हा मी म्हणायला हवं होतं तुला, सोडू नको म्हणून."

"म्हटलं असतंत तरी सोडलीच असती, बाबा." ती त्यांच्याशेजारी टेकली. "पण म्हणायला हवं होतंत."

मग तिने हात पुढे केला. "आणा तो फोन. पासवर्ड शुद्ध करून देते, परत घोळ नको."

"नको."

सासरेबुवांनी लाल पेन काढलं. डायरीतला स्वतःचा एच खोडला. मग छापखान्यात मूळ शब्दाला कुणी हात लावू नये म्हणून लिहीत तसं समासात लिहिलं, आहे तसेच ठेवावे.