माझ्या मरणाचा फोन

नातवाचं जावळ काढलं त्याच साली माझी बायको गंगू इंग्रजी शिकायला लागली. बार्शीकडचं रान वाट्यानं देऊन आम्ही लेकापाशी, दर्शनपाशी, जयपुरात आलो होतो. तिथं मानसरोवर भागात कौमुदी मॅडमचा बायकांचा वर्ग होता. पाठांतर नाही; रोज एक खरं काम इंग्रजीत बोलून उरकायचं. काम झालं की पास. पहिल्या दिवशी गंगूनं इंग्रजीत मेथीचा भाव पाडला. भाजीवाला म्हणाला, "माताजी, हिंदी में ही डांट लो."

तेवढ्यात गावाकडून निरोप आला. माझी थोरली बहीण यमुनाआक्का अंथरुणाला खिळली होती, दर्शनला बघायचं म्हणत होती. तिनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. त्यानं झालाना भागातल्या त्याच्या हापिसात रजा मागितली. साहेब म्हणाला, आत्या कुटुंबात मोडत नाही. आईबापाचं काही असतं तर बघितलं असतं.

दुसऱ्या सकाळी गच्चीवर मिरचीला पाणी घालताना माझ्या डोक्यावर कावळा बसला. आमच्याकडं कावळा ज्याच्या डोक्यावर बसला तो माणूस मेल्याचा खोटा निरोप धाडतात. ऐकून कुणी रडलं की संकट टळतं.

गंगू म्हणाली, "निरोप तर धाडायलाच पायजे. आन् मॅडमचं आजचं काम बी फोनवर रजा मागायचंच हाय."

"आगं, पर कुनाला धाडतीस?"

"सायबाला. तुमी गप ऱ्हावा. मेल्यालं मानूस मधी बोलत नसतंय."

दर्शन आंघोळीला गेला तसा तिनं त्याचाच फोन उचलला. "सर, दर्शन फादर नो मोर. लीव्ह प्लीज." साहेबानं काहीतरी विचारलं. इंग्रजी संपली होती, म्हणून गंगूनं हेल काढून रडायला सुरुवात केली. रजा मिळाली.

दर्शननं डोकं धरलं. "आये, उद्या आण्णा खरंच गेले तर काय सांगू?"

"तवाचं तवा. तवर माझी इंग्रजी बी सुधारंल."

दुपारी साहेबच पांढऱ्या कपड्यांत, हार घेऊन दारात. दार नेमकं मी उघडलं. म्हणालो, "मैं उनका भाई."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "बहुत भले आदमी थे." त्यानं मला जन्मात बघितलं नव्हतं, तरी डोळे पुसले. आतून गंगू पुटपुटली, "रडला बया. उतरला कावळा."

संध्याकाळच्या गाडीनं निघालो. आक्कानं दर्शनचा हात धरून विचारलं, "रजा कशी रं दिली?"

"आत्यासाठी दिली," तो म्हणाला.

मग येईल त्या बाईला ती सांगत राहिली, "माझ्यासाठनं सायबानं रजा दिली."

यमुनाआक्का त्याच साली माघात, पुनवेच्या आदल्या दिवशी, सकाळी गेली.