गावचा जचकीचा दवाखाना

मित्रांनो, मी एक जुना दवाखाना आहे. साधासुधा नव्हे, जचकीचा! अकोला-दर्यापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात, बाजाराच्या मागे मी उभा आहे. कागदावर माझे नाव 'नगरपरिषद प्रसूतिगृह' असे आहे. पण गावातल्या बाया ते कधी उच्चारत नाहीत. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाचे पहिले काम रडण्याचे. जे बाळ रडत नसे त्याला पाठीवर चापटी मारून रडवत, आणि ते रडले की सगळे हसत. इतकी गमतीची नोकरी दुसऱ्या कोणत्या इमारतीला मिळाली असेल?

माझा स्वतःचा जन्म नव्वद वर्षांपूर्वीचा. आमची काळी माती कपाशीची आई, पण घराची सवत. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे पाडते. म्हणून माझ्या मिस्त्रीने ती पुरुषभर उपसली आणि पाया थेट पिवळ्या मुरमापर्यंत नेला. बैल चुन्याच्या घाण्याभोवती फिरून चुना मळत. त्या चुन्यात बेलफळाचे पाणी आणि गूळ पडे. माझा स्वभाव गोड आहे तो त्यामुळेच, असे मला वाटते.

पुढे इंदूबाई दाई म्हणून आल्या आणि एकतीस वर्षे राहिल्या. पाटलाची सून आणि मजुराची लेक माझ्याकडे शेजारशेजारच्या खाटांवर असत. दोघींची बाळे इंदूबाई एकाच घमेल्यात न्हाऊ घालत. कोणी नाक मुरडले, तर म्हणत, "इथं सारे उघडेच येतेत. कोन मोठा अन् कोन लहान?"

मग तालुक्याला मोठा दवाखाना झाला. माझ्या खाटा गेल्या. दर बुधवारी लसीकरण तेवढे उरले. बाकीचे दिवस मोडक्या खुर्च्या सांभाळण्यात जात. मधल्या काळात कोणीतरी हौसेने माझ्या भिंतींवर सिमेंटचे प्लास्टर चढवले. मी नवा दिसू लागलो, पण आतून सदा ओला राहू लागलो.

गेल्या वर्षी एका बुधवारी ते घडले. गीतांजली नावाची एक आई लेकराला घेऊन बाकावरून उठली आणि दुसऱ्याच क्षणी त्या बाकावर प्लास्टरचा मोठा पोपडा कोसळला. कोणाला लागले नाही. पण गाव हादरले आणि मीही.

माझ्याच ओसरीत सभा भरली. नगराध्यक्ष भगवंतराव म्हणाले, "पाडून टाकू. याच जागेवर नवा दवाखाना बांधू." सगळ्यांच्या नजरा इंदूबाईंकडे वळल्या. आता त्या माझ्या बाजूने भांडतील, अशी माझी खात्री होती. त्या काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "पाडा."

मी सुन्न झालो.

"मले याची माया नाई का?" माझ्या भिंतीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "पन लेकराच्या अंगावर पडते, थे इमारत काय कामाची?"

मित्रांनो, मला वाईट वाटले, पण राग आला नाही. त्या बाईने आयुष्यभर आधी बाळाकडेच पाहिले होते.

तेवढ्यात नगरपरिषदेची नवी इंजिनिअर आकांक्षा उभी राहिली. ती अमरावतीची. "पाडण्याआधी मला पंधरा दिवस द्या," एवढेच ती म्हणाली.

तिने हातोडीने मला ठिकठिकाणी ठोकून पाहिले. सिमेंट बद्द वाजले. ते सोलून भिंत उन्हात वाळू दिली, तर आतली वीट टणटण वाजली! मग तिने माझ्या पायाशी खड्डा खणून घेतला. भगवंतराव स्वतः बघायला आले, मागोमाग काठी टेकत इंदूबाईही आल्या. शेतकरी माणूस, खड्ड्यात उतरून त्यांनी मूठभर मुरूम हातात घेतला.

"मंग वरून पडून काहून राहिलं होतं?" त्यांनी विचारले.

"भिंत पडत नाही, काका. वरचं सिमेंट पडतंय. त्यानं आतली ओल कोंडून ठेवली."

भगवंतराव हसत सुटले. "माह्या नव्या घराले दोन वर्सांत तडे गेले, अन् हा नव्वद वर्साचा बुढा मुरमावर मांडी घालून बसला हाय!"

इंदूबाई मात्र हसल्या नाहीत. "पोरी, खरं सांग. याच्या खाली तू सोताचं लेकरू झोपवशील?"

आकांक्षाने वर छताच्या लाकडांकडे पाहिले. "आज नाही. सडलेली लाकडं बदलली, सगळं सिमेंट काढून चुना लावला, की झोपवीन."

"मंग पाडू नका," इंदूबाई म्हणाल्या.

सभा पुन्हा भरली आणि पाडायचे रद्द झाले. मागच्या मोकळ्या जागेत शस्त्रक्रियेची नवी खोली उभी राहिली आणि मी दुरुस्त होऊन पुन्हा खाटा मांडून बसलो. चुन्याचा पहिला हात लागला, तेव्हा किती वर्षांनी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी जुनी सरकारी इमारत असेल. केवळ मायेपोटी तिला ठेवा, असे मी म्हणणार नाही. ती खरोखरच खचली असेल तर पाडा. पण आधी वरचे सोलून पाहा, पायाशी खणून पाहा, जाणत्याला विचारा. आणि ती धड निघाली, तर दरवर्षी पावसाआधी तिच्या छपरावरची कवेलू तेवढी नीट बसवून द्या. आम्हाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आता मात्र जरा हळू बोला. कोणीतरी काल दुपारीच या गावात नवे आले आहे, आणि आत्ता कुठे झोपले आहे.