डाखोरेंचा उजवा पाय

"पहिल्या खटक्याला बंद करायचं. वर एक थेंब नको," डाखोरेंनी पंपावरच्या मुलीला बजावलं.

"राउंड फिगर नको?"

"नको."

"मीटरवर अर्धवट आकडा राहील मग."

"राहू दे. आम्ही तासाभरात परत येतोय. तेव्हाही हेच मशीन, हाच पाइप."

मुलीने खांदे उडवले. नोझल खटकलं तशी तिने ते बाहेर काढलं. डाखोरेंनी टाकीचं झाकण स्वतः फिरवून घट्ट केलं, चारही चाकांची हवा तपासली, ट्रिपचा आकडा शून्यावर आणला आणि तो शून्य केयूर फडणीसला दाखवला. केयूर या लाल, बुटक्या टर्बो गाडीचा मालक. वय एकोणतीस. डाखोरेंच्या वर्कशॉपकडे त्याची तक्रार तिसऱ्यांदा आली होती: कंपनी अठरा सांगते, मला लिटरला नऊ पडतात, इंजिनात काहीतरी घोळ आहे.

ग्राहकाचा विश्वास बसत नसेल तर वर्कशॉपची पद्धत ठरलेली होती. पहिल्या खटक्यापर्यंत टाकी भरायची, ग्राहकाला शेजारी बसवायचं, वारज्याहून बायपासने वाकडपर्यंत जायचं आणि परत यायचं. एकतीस किलोमीटर. मग त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या खटक्यापर्यंत भरायचं. तेराच्या वर आकडा आला तर गाडी चांगली, तक्रार बंद. खाली आला तर प्रकरण वर कंपनीकडे जातं, त्यांची माणसं येतात, इंजिन उघडतं.

ही चाचणी अकरा वर्षं एकटे डाखोरे करत होते. वर्कशॉपमधली पोरं त्यांना ड्रॉपरकाका म्हणत. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरसारखं ते पेट्रोल थेंबाथेंबाने सोडतात म्हणून. ज्या गाडीतून मालकाला आठ मिळत, तिच्यातून ते पंधरा काढून दाखवत आणि मालक मान खाली घालून सही करून जाई. गेल्या दिवाळीपर्यंत त्यांचा आकडा कधी खाली आला नव्हता. दिवाळीनंतर तीनदा आला.

त्या दिवशी सकाळी नऊला नम्रता मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. नम्रता सर्व्हिस मॅनेजर. डाखोरेंपेक्षा सतरा वर्षांनी लहान.

"काका, तीन इंजिनं उघडली. तिन्ही ठणठणीत निघाली. तुमच्याकडे टेस्ट कोण घेतं, असा वरून मेल आलाय."

"ट्रॅफिक वाढलंय मॅडम."

"ट्रॅफिक सगळ्या पुण्याला वाढलंय. तुमच्या एकट्यासाठी नाही." तिची नजर कॉम्प्युटरवरच होती. "आज तेरा आलं नाही तर मला माणूस बदलावा लागेल. मग गाडी तुमच्या हातात देता येणार नाही."

बोलण्यात राग नव्हता. तो असता तर डाखोरेंना बरं वाटलं असतं.

खरं कारण त्यांना माहीत होतं. साखर नऊ वर्षांची. ऑगस्टात एकदा ते घरून कोपऱ्यावर भाजी आणायला गेले, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "दादा, एक चप्पल कुठं टाकून आलात?" उजवी चप्पल वाटेत कुठेतरी निघून पडली होती आणि ते तसेच शंभर पावलं चालत आले होते. त्यांनी हसून वेळ मारून नेली. नंतर जाड तळाचे बूट सोडून पातळ कॅनव्हासचे घेतले. मग मोजे सोडले. आता गाडीत बसल्यावर उजवा बूटही काढून मागच्या सीटखाली सरकवत.

"बूट काढून चालवता?" केयूरने विचारलं.

"सवय आहे."

केयूरने स्टिअरिंगखाली वाकून काडेपेटीएवढं एक यंत्र गाडीला जोडलं आणि मोबाइल डॅशबोर्डवर उभा केला. स्क्रीनवर हिरवी रेघ सरकू लागली.

"हे काय?"

"गाडीचा डेटा लाइव्ह दिसतो काका. ही रेघ म्हणजे तुमचा ॲक्सिलरेटर. किती टक्के दाबलाय ते. म्हटलं, तुमची स्टाइल रेकॉर्ड करावी. सगळे म्हणतात तुमचा पाय म्हणजे जादू आहे."

डाखोरेंनी त्या रेघेकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांचा पाय असा कोणाला दिसला नव्हता.

गाडी सर्व्हिस रोडवरून बायपासला लागली. डाखोरे नेहमीचं सांगू लागले. ते त्यांना पाठ होतं, आणि खरंही होतं.

"ही गाडी दोन स्वभावांची आहे. इंजिनाच्या दोन हजार फेऱ्यांच्या खाली साधी गाडी. त्याच्या वर पाय रोवलात की टर्बो जागा होतो, मग ती पितेच. अठराशेला गिअर वर टाकायचा. पुढे सिग्नल लाल दिसला की लगेच पाय उचलायचा, पण गाडी गिअरमध्येच ठेवायची. न्यूट्रल करायची नाही. गिअरमध्ये असली की तेवढा वेळ इंजिन पेट्रोल घेतच नाही."

"खरं? मी तर न्यूट्रलच करतो."

"आणि ब्रेक कमी. ब्रेक दाबलात म्हणजे मागे जेवढं जाळलंत ते तिथेच रस्त्यावर सांडलंत."

केयूर ऐकत होता, पण डोळे मोबाइलवर होते. चांदणी चौक मागे पडला तसा तो हळूच म्हणाला, "काका, राग मानू नका. पण रेघ बघा ना. ही माझी कालची. ही तुमची आत्ताची. माझ्यासारखीच आहे. उलट तुमचे काटे जास्त आहेत."

करवतीच्या दात्यांसारखी रेघ होती.

पूर्वी पेडल आणि डाखोरेंच्या चवड्यामध्ये काही अंतरच नसे. टर्बो जागा व्हायच्या आधी पेडल किंचित ताठ व्हायचं, निदान त्यांना तरी तसं जाणवायचं, आणि ते पाय केसभर मागे घ्यायचे. ते शिकवता येण्यासारखं नव्हतं आणि त्यांनी ते कोणाला शिकवलंही नव्हतं. आता तळपायाखाली कापूस होता. पाय किती दाबला गेलाय ते फेऱ्यांच्या काट्यावर बघून आणि इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं. पण डोळा आणि कान उशिरा पोचत. मग जास्त झालेलं कमी करायचं, कमी झालेलं वाढवायचं, आणि प्रत्येक दुरुस्तीलाही तेवढाच उशीर. त्या उशिराचे दाते आता हिरव्या रेघेत समोर सरकत होते.

"आज रस्ताच तसा आहे," ते म्हणाले.

बाणेरच्या पुढे ते सर्व्हिस रोडला उतरले. समोर पीएमपीची बस थांब्याला लागत होती. डाखोरेंना ती लांबूनच दिसली. त्यांनी पाय उचलला. उचलला असं त्यांना वाटलं. गाडी मात्र हळू झाली नाही. त्यांनी ब्रेक दाबला, तर इंजिन गुरगुरलं आणि गाडी ओढ घेऊ लागली. पाय नेमका कशावर आहे ते बघायला त्यांनी मान खाली घातली.

"काका," केयूर म्हणाला. "काका, बस."

त्यानेच हँडब्रेक ओढला. मागची चाकं घासली, गाडी वाकडी होऊन थांबली. बसचं मागचं अंग बॉनेटपासून हातभर होतं. बसच्या मागच्या काचेतून एक बाई पेरू खात त्यांच्याकडे बघत होती. तिचं खाणं थांबलं नाही. बस निघून गेली.

वाकडला उड्डाणपुलाच्या अलीकडे डाखोरेंनी गाडी कडेला घेतली, सावकाश, पायाकडे बघत. डॅशबोर्डवर सरासरीचा आकडा होता दहा पूर्णांक सहा.

केयूरने विचारलं, "पायाला काही लागलंय का?"

"नाही." डाखोरेंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "लागलं असतं तर समजलं असतं. मला पाय समजतच नाही. कुठे आहे ते बघावं लागतं."

ही गोष्ट त्यांनी आजवर कोणालाही सांगितली नव्हती. बायकोला, कौसल्यालाही नाही. ती आपली विचारायची, "काऊन लपवता? मले दिसत नाही का?" आणि हे पेपर उघडायचे.

"मी चालवू?" केयूर म्हणाला.

ते नियमात नव्हतं. डाखोरे उतरले आणि बॉनेटला हात लावत पलीकडे जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर ते बोलत राहिले. "आता सोडा. सोडा म्हणजे काढू नका, सैल करा. पुढचा ट्रक बघा, तो थांबणार आहे. आत्ताच उचला. बघा, ब्रेक लागला का? नाही लागला. आता अठराशे. टाका वरचा." केयूर आधी अडखळला, मग त्याला लय सापडली. पाषाणच्या चढावर त्याने आपल्या मनाने गिअर खाली घेतला आणि डाखोरे "बरोबर" म्हणाले. रेघेचे दाते हळूहळू बोथट होत गेले. चांदणी चौकापासून पुढे ती जवळजवळ सरळ होती. डाखोरे रस्त्याकडे कमी आणि त्या रेघेकडे जास्त बघत होते. त्यांचाच पाय होता तो. फक्त दुसऱ्याच्या अंगाला लागलेला.

पंपावर तीच मुलगी होती. पहिला खटका दोन पूर्णांक छत्तीस लिटरला पडला. केयूरने मोबाइलवर भागाकार केला.

"तेरा पॉइंट एक. काका, सुटलो आपण." तो मनापासून खूश होता. "गाडीत काहीच प्रॉब्लेम नाहीये. मीच वेड्यासारखा चालवत होतो. फॉर्मवर तुमचंच नाव टाका, मी काही बोलणार नाही. मी सही करतो आणि निघतो. चारला माझी मीटिंग आहे."

वर्कशॉपमध्ये परतल्यावर भरायचा फॉर्म एका पानाचा होता. तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, लिटर, सरासरी. मग 'चाचणी चालक' आणि पुढे रिकामी जागा. डाखोरेंनी आधीचे सगळे रकाने भरले. त्या जागेपाशी पेन थांबलं. समोरच्या फळ्यावर उद्याचं काम लिहिलेलं होतं. सकाळी दहा, मायलेज टेस्ट, स्वराली बर्वे, आणि खाली नम्रताच्या अक्षरात: बाळ सोबत असेल, चाइल्ड सीट काढू नये.

त्यांनी लिहिलं: 'जाताना सु. ना. डाखोरे. येताना ग्राहक स्वतः.'

नम्रताने फॉर्म वाचला, पुन्हा वाचला.

"काका, हे असं लिहिलंत तर टेस्टच रद्द होते."

"माहीत आहे."

"रद्द म्हणजे नापासच. मग यांचं प्रकरण वर पाठवावं लागेल, गाडी इथेच राहील. आठ-दहा दिवस जातील."

"अहो मॅडम, पण गाडी चांगली आहे," केयूर मध्येच म्हणाला. "मला कळलंय ना आता, चूक माझी होती म्हणून."

"सिस्टिममध्ये तुम्हाला कळण्यासाठी कॉलम नाहीये सर."

केयूर डाखोरेंकडे वळला. "काका, काय गरज होती? मी बोललो होतो ना तुम्हाला?"

"बस बघितलीत ना तुम्ही," डाखोरे म्हणाले.

कोणती बस, असं नम्रताने विचारलं नाही. डाखोरेंच्या एका पायातल्या बुटाची नाडी सुटलेली तिला दिसत होती आणि ती त्यांना दिसत नव्हती. तिने फॉर्म फाइलला लावला.

"उद्यापासून चावी घेऊ नका," ती म्हणाली. "गेटवर नोंदीला माणूस हवाय. पण तिथे आठ तास उभं राहायचंय. जमेल?"

डाखोरे खाली आपल्या पायांकडे बघू लागले.

"बघते मी," नम्रता म्हणाली. वर्कशॉपमध्ये 'बघते'चा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

बाहेर केयूर रिक्षाची वाट बघत उभा होता. त्याची लाल गाडी एव्हाना आत, कोपऱ्यातल्या रांगेत गेली होती. त्याने डाखोरेंना बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या दिवशी डाखोरेंनी कौसल्याला फोन करून सांगितलं, डॉक्टरांचा नंबर घे. दोन महिन्यांत तिने चारदा नंबर घेतला होता आणि चारही वेळा ते गेले नव्हते. संध्याकाळी सहाला दोघं सदाशिव पेठेतल्या डॉक्टर हेमा आगाशेंच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट चाळले, साखरेचे आकडे बघितले, "इतके दिवस काय करत होतात?" एवढंच विचारलं.

"गाडी चालवत होतो," डाखोरे म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना टेबलावर पाय पसरून बसवलं. ड्रॉवरमधून एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक, ताठ धागा होता. तो त्यांनी आधी डाखोरेंच्या मनगटाला टेकवून दाखवला. "असं वाटेल. डोळे मिटायचे. तळपायाला कुठे टेकलं की 'हो' म्हणायचं. दहा जागा आहेत. घाई नाही."

डाव्या पायाला त्यांनी चार वेळा 'हो' म्हटलं.

"आता उजवा," डॉक्टर म्हणाल्या. स्टूल सरकल्याचा आवाज आला.

डाखोरे डोळे मिटून बसले. सगळं लक्ष त्यांनी खाली तळपायात नेलं. पंख्याची घरघर येत होती. गल्लीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती लागत नव्हती. कौसल्याच्या बांगड्या एकदा वाजल्या. डॉक्टर धागा बदलत असतील, असं त्यांना वाटलं. चुकून आधीच 'हो' म्हणायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ते थांबून राहिले. स्कूटर लागली, गल्लीतून निघून गेली.

"सुरू करा डॉक्टर," ते म्हणाले.

कोणी काही बोललं नाही म्हणून त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर टेबलापलीकडे खुर्चीत बसून कागदावर लिहीत होत्या. धागा ड्रॉवरमध्ये परत गेला होता. कौसल्या मात्र जिथे उभी होती तिथेच, त्यांच्या पायाशी होती.

"झालं," ती म्हणाली.