क्लचवरचा पाय

"बघा, बघा! बाबांचे हात वर आहेत! स्टिअरिंगलासुद्धा हात नाही!"

गल्लीत जमलेल्या शंभर-दीडशे माणसांनी श्वास रोखून धरला. चाळीस वर्षांची ती हिरवी मोटार इंजिन चालू ठेवून फाटकापुढे उभी होती, आत मौनीबाबा दोन्ही हात छताला लावून बसले होते, आणि मोटार आपसूक, मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. पुढे म्हणजे गल्लीच्या टोकाला असलेल्या बाबांच्या मठाकडे.

"रस्त्याला उतार असेल," कुणीतरी पुटपुटलं. शिंप्याने तत्परतेने खिशातलं दोऱ्याचं रीळ काढून रस्त्यावर आडवं ठेवलं. रीळ जागचं हललं नाही.

"झालं समाधान? हा घ्या शास्त्रीय पुरावा!" शिंपी म्हणाला आणि गर्दीने हात जोडले.

बाबांचं नाव मौनी असलं, तरी गेल्या पंधरा वर्षांत त्यांचं तोंड जेवतानाही बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. आताही खिडकीतून त्यांचा पट्टा चालूच होता. "दिवंगताचा आत्मा क्लचवर पाय देऊन बसलाय! म्हणून गिअर पडत नाही! मी एकवीस नामं घेतो, तेव्हा कुठे तो पाय काढतो. त्याला या घरात राहायचं नाही. त्याला मठात यायचंय. स्वतः गाडी ओढतोय, बघा!"

फाटकाशी गाडीचे कागद छातीशी धरून दिवंगताची बायको, वहिनी, उभी होती. तिच्या शेजारी तिची नणंद होती. तीस वर्षं इस्पितळात इंजेक्शनं देणारी ही नर्सबाई सकाळच्या पहिल्या गाडीने आली होती, कारण वहिनीने फोनवर रडत सांगितलं होतं, "ताई, आज तुमच्या दादाची मोटार मठाला देतेय. ते माझ्यावर रागावलेत."

रागाचं कारणही तिने सांगितलं होतं. आठ महिन्यांपूर्वी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली होती, "ते खटारं भंगारात घाला एकदाचं." दुपारी तो बसल्या जागी गेला. महिन्यापूर्वी तिने धीर करून शेडमधली मोटार सुरू केली, तर क्लचचं पेडल खाली गेलं ते तिथेच राहिलं. गिअर पडेना, नुसती खरखर. वहिनीने मिस्त्रीला बोलवायचं सोडून बाबांना बोलावलं, आणि बाबांना तर आयतंच कोलीत मिळालं.

नर्सबाईला आधी राग आला तो वहिनीचाच. पण तिचे सुजलेले डोळे पाहिल्यावर तो बाबांकडे वळला. आल्याआल्या तिने बॉनेट उघडून पाहिलं होतं. क्लचच्या तेलाची बाटली जवळजवळ रिकामी होती. आणि मघाशी बाबा म्हणाले होते, "नामं घेताना सर्वांनी डोळे मिटा," तेव्हा तिने मिटले नव्हते. बाबांच्या ओठांपेक्षा त्यांचा डावा पाय जास्त नामं घेत होता. दर नामाला पेडल एकदा खाली, एकदा वर.

ती खिडकीशी गेली. "बाबा, नाम तोंडाने घ्यायचं ना?"

"अर्थात, माते."

"मग दोन्ही पाय सीटवर घ्या. पद्मासनात याहून मोठा चमत्कार होईल."

"होऊ दे! होऊ दे!" गर्दी ओरडली. भक्तांनीच असं कोंडीत पकडल्यावर बाबा काय करणार? त्यांनी इंजिन बंद करून पाय पोटाशी घेतले. मांडी अवघडल्या बदकासारखी झाली. मोटार परत फाटकाशी ढकलली गेली, इंजिन पुन्हा सुरू झालं. एकवीस नामं झाली. बाबांनी गिअर ओढला.

खर्रर्रर्र!

"आत्मा कोपला!" बाबा घाईने म्हणाले.

"आत्मा नाही, रबर कोपलंय. उतरा." बाबा उतरले. नर्सबाईने लोकांकडून मोटार फिरवून घेतली. आता तिचं तोंड गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या कचराकुंडीकडे होतं. ती आत बसली आणि पेडल भराभर मारत मोठ्याने नामं घेऊ लागली, "खोकल्याचं औषध, जुलाबाचं औषध, खरजेचं मलम..." एकविसाव्या औषधाला गिअर अलगद पडला. तिने पेडल दाबून धरलं आणि हात वर केले. थोड्या वेळाने मोटार कचराकुंडीकडे सरकू लागली.

एक बाई फिसकन हसली आणि सगळी गल्ली हसत सुटली.

नर्सबाईने इंजिन बंद केलं, पर्समधून सुई नसलेली सिरिंज काढली, पाणी भरलं आणि सिरिंजच्या तोंडावर बोट धरून दट्ट्या दाबला. "पाणी दबत नाही. आता ही हवा भरली. बघा, दबते. या गाडीत पायाचा जोर तेलातून क्लचपर्यंत जातो. शेडमध्ये पडून रबर वाळलं, तेल गळलं, हवा शिरली. पेडल भराभर मारलं की घटकाभर दाब येतो आणि गिअर पडतो. मग तेल हळूहळू निसटतं, दाबलेला क्लच आपोआप सुटतो आणि गाडी पुढे सरकते. आणि बाबा, क्लच दाबला तरच गिअर पडतो; दादाचा पाय खरंच क्लचवर असता, तर तो लोण्यासारखा पडला असता! एवढं तर तुम्हाला ठाऊक असायला हवं."

"ठाऊक आहेच त्यांना!" शिंपी अचानक किंचाळला. "दाढीमुळे ओळखलं नाही! अहो, हे मोटार ट्रेनिंग स्कूलवाले मास्तर! क्लच चुकला म्हणून माझ्या कानाखाली वाजवली होती यांनी!"

त्या दिवसापुरते तरी मौनीबाबा नावाला जागले. एक शब्द न बोलता मठाकडे चालू लागले.

वहिनी मात्र हसली नव्हती. "म्हणजे ते रागावले नव्हते?"

"त्या सकाळी रागावला असेलही," नर्सबाई म्हणाली. "नवरा-बायको भांडतात. पण तू भंगार म्हणालीस म्हणून कुणी मरत नाही, वहिनी. आणि मेलेला माणूस पेडल दाबत नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने दोन रबरी वायसर बदलले, नवं तेल भरून हवा काढली. जुना वायसर त्याने वहिनीच्या हातावर ठेवला. नखाएवढा, कडेने चिरलेला.

लोकहो, यंत्र अडलं तर झाकण उघडून बघा. कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा. आणि जो तुम्हाला डोळे मिटायला सांगतो, त्याच्या पायांकडे आधी बघा. कारण असे लोक गाडीवर टपलेले असतात खरे, पण हात घालतात तो तुमच्या दुःखाला.

वहिनीने तो वायसर बोटांत फिरवून पाहिला. "महिनाभर मी याची माफी मागत होते, ताई," ती म्हणाली. मग तिने तो कचराकुंडीत टाकला, गाडीत बसली आणि पहिल्याच दाबाला गिअर टाकला.