शटरच्या कुलपाची दुसरी किल्ली

मी कुलूप बोलतोय. बँकेच्या तिजोरीचं नाही हो, एवढं कुठलं भाग्य! कोथरूडमधल्या एका ब्लाउज शिवायच्या दुकानाच्या शटरचं. अंगानं पितळी, वजनाला भारी आणि लोक म्हणतात, स्वभावानं जरा ताठ.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतं ते मंडईजवळचं हार्डवेअरचं दुकान. तिथे बापूरावांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "गॅरंटी आहे." बापूराव म्हणाले, "गॅरंटी कागदावर असते. कुलूप लागेल का, तेवढं सांगा." असा सरळ माणूस. कागदाचं आणि त्यांचं कधी जमलंच नाही.

सोसायटीत वर त्यांचं घर आणि खाली रस्त्याला लागून हा एक गाळा. तो त्यांनी प्रेमलाबाईंना भाड्यानं दिला. प्रेमलाबाई यवतमाळकडच्या. कात्रजला राहायच्या आणि रोज बसनं यायच्या. माझी किल्ली हातात घेताना त्यांनी विचारलं होतं, "काका, कागद करायचा का जी?"

"कशाला? तो एजंट, ते खेटे, नसती उठाठेव! मी सांगतोय ना. तुम्हाला इथून कोणी उठवणार नाही. फक्त आमच्या पोराला, आमोदला, कधी स्वतःचं काही काढून बसायला जागा लागली, तर त्याला रिकामी करून द्या. बाकी काही नाही."

"बरं जी."

झाला करार. ऐकायला ते दोघं आणि कडीत लोंबकळणारा मी.

माझी दुसरी किल्ली बापूरावांनी स्वतःकडे ठेवली, आणि तिचा उपयोग ऐकाल तर हसाल. प्रेमलाबाई घरी निघाल्या की बस स्वारगेटपर्यंत पोचायच्या आत त्यांच्या मनात यायचं, इस्त्री बंद केली का? मग फोन. बापूराव कुरकुरत जिना उतरायचे, मला उघडायचे, आत डोकावायचे आणि फोनवर सांगायचे, "बंद आहे. होतीच बंद." इस्त्री खरोखर चालू राहिलीय असं कधी झालं नाही. तरी फोन चुकला नाही आणि बापूरावांचा जिनाही चुकला नाही. मला फार आवडायची ती संध्याकाळची फेरी.

दुकान चांगलं चालू लागलं. भिंतीवर बापूरावांच्या अक्षरातली पाटी लागली: 'ब्लाउज उद्या मिळेल का, असे विचारू नये.' आमोदच्या पहिल्या इंटरव्ह्यूची पँट प्रेमलाबाईंनीच आखूड करून दिली. तो आयटीत लागला, तेव्हा पेढ्यांचा पुडा आधी खाली आला, मग शेजारी गेला.

मग बापूराव गेले. उन्हाळा होता, लग्नसराई. त्यानंतर संध्याकाळी फोन करायला कोणी उरलं नाही. प्रेमलाबाई बसस्टॉपवरून परत यायच्या, स्वतःच इस्त्री बघायच्या आणि शटरपाशी थोडा वेळ नुसत्या उभ्या राहायच्या.

पुढच्या लग्नसराईत एका सकाळी त्या आल्या, तर शटरच्या दुसऱ्या कडीत एक नवंकोरं कुलूप! चकचकीत, आणि आदल्या रात्रीपासून माझ्याशी एक शब्द बोललेलं नव्हतं. आमोदनं घातलेलं. आत एका नवरीचं ब्लाउज होतं, हळदीच्या दिवशी द्यायचं. प्रेमलाबाई पायरीवरच बसल्या.

तेवढ्यात पूर्वा आली. ती वकील, तिचे काळे कोट इथेच अल्टर व्हायचे. सगळं ऐकून ती म्हणाली, "काकू, कोर्टाच्या हुकुमाशिवाय असं कुलूप घालून कोणाला बाहेर काढता येत नाही. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी जागामालकाची असते. ती त्यांनी पाळली नाही, तर अटी काय होत्या याबद्दल तुमचं म्हणणं आधी धरलं जातं. ते खोटं आहे हे त्यांनी सिद्ध करायचं. काय ठरलं होतं? ऐकायला कोणी होतं?"

"कोणी नव्हतं," प्रेमलाबाई म्हणाल्या.

मी होतो ना! पण माझं तोंड किल्लीशिवाय उघडत नाही आणि उघडलं तरी शब्द फुटत नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, बाई, सांगून टाका की कायमची दिली होती. कोण विचारतंय! दुकान वाचेल, आपण दोघं इथेच राहू.

आमोद आला. चेहरा ओढलेला. "ताई, माझी नोकरी गेलीय. कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काढायचंय. मला ही जागा हवी आहे. तुमच्याकडे कागद आहे का काही?"

पूर्वा म्हणाली, "कागद करायचं काम तुमच्या वडिलांचं होतं. तुम्ही कोर्टाचा हुकूम आणलाय का? की नुसतं कुलूपच?"

"आधी ते काढ आमोद," प्रेमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मग बोलू."

त्यानं काढलं. प्रेमलाबाईंनी मला उघडलं, शटर वर ढकललं, मशीनवर बसल्या, नवरीच्या ब्लाउजचं राहिलेलं हुक लावलं. मग दोरा तोडून म्हणाल्या, "काका म्हणाले होते, आमोदला स्वतःचं काही काढायचं झालं तर जागा त्याला द्या. तुझी आहे. एवढी लग्नसराई होऊ दे, मी देते. पण अशी हिसकून नाही देणार."

पूर्वा बघतच राहिली. "काकू, हे तुम्ही सांगितलं नसतंत, तर..."

"मला तर माहीत होतं ना जी."

आमोद ते चकचकीत कुलूप हातात धरून उंबऱ्यातच उभा होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण तो बापूरावांसारखाच उभा राहतो हो, एका पायावर भार देऊन.

लग्नसराई संपली. मागच्या गल्लीत आनंदीबाई म्हणून एकींचा लहानसा गाळा भाड्यानं मिळाला. या वेळी पूर्वानं करार नोंदवून घेतला. एजंट अंगठ्याचा ठसा घ्यायचं मशीन घेऊन दुकानात आला, पण प्रेमलाबाईंचा अंगठा काही उमटेना. सुईनं रेषाच झिजवून टाकल्या होत्या. तो बिचारा म्हणत होता, "मावशी, पुसून पुन्हा ठेवा." शेवटी एकदाचा उमटला. बाबांनो, तुम्हीही दुकान भाड्यानं घेताना एवढा त्रास घ्या. माणूस कितीही गोड असो, तो गेल्यावर त्याचं बोलणं सांगायला प्रत्येक ठिकाणी प्रेमलाबाई नसतात.

सामान हलवायच्या दिवशी पाटी आमोदनं स्वतः उतरवली. मग खिशातून माझी दुसरी किल्ली काढली. "हे कुलूप न्या ताई. आणि ही बाबांची किल्ली."

प्रेमलाबाईंनी किल्ली घेतली, पदरानं पुसली आणि त्याच्याच तळहातावर ठेवून मूठ मिटवली. "तुझ्याकडेच राहू दे. इस्त्रीची भीती काही गेली नाही माझी."

आता मी मागच्या गल्लीत असतो. अंगावर चरे पडलेत, पावसाळ्यात थोडा अडतो, तेल मागतो. पण संध्याकाळ झाली, बस स्वारगेटकडे गेली, की मी कान देऊन असतो. मग आपलं दुकान सोडून कुरकुरत कोणीतरी येतं, मला उघडतं, आत डोकावतं आणि फोनवर सांगतं, "बंद आहे ताई. होतीच बंद."