दुसऱ्या अंकाची कॅसेट

भाऊबीजेच्या दुपारी मी माहेरी ताट घेऊन उभी होते, आणि माझा धाकटा भाऊ प्रवीण पाटावर बसायलाच तयार नव्हता. त्याने माझ्यापुढे एक खोकं सरकवलं. "ताई, आधी ओवाळणी पाह्य. मंग ओवाळ."

खोक्यात बाबांचा टेपरेकॉर्डर होता. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण तो त्याच्याही आधी, प्रवीण रांगत असल्यापासून बंद पडलेला. प्रवीणने तो गुपचूप चंद्रपूरला नेऊन, कुठून कुठून सुटे भाग मिळवून चालू करून आणला होता. एरवी हा भाऊ साडी आणतो, तीही आईने निवडलेली. मी त्याला चिडवणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, "आता कॅसेट आण. दुसऱ्या अंकाची."

मी ताट खाली ठेवलं.

आमचे बाबा, मुखरू, झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करायचे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरली की शेती सोडून तोंडाला रंग लावायचे. ते हसले की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरायची. मी पाच वर्षांची असताना त्यांनी नायिकेचा हात पिरगाळला आणि मी मांडवात किंचाळले. तेव्हा बाबा भर अंकात थांबून म्हणाले होते, "उर्वशी, भेऊ नोको, मी तुहा बाप हावो." सगळा मांडव हसला होता. प्रवीणचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तरी तो आजवर म्हणत आलाय की हे मी रचलेलं आहे.

त्या प्रयोगाचा तो दुसरा अंक कुणीतरी स्टेजपुढे टेप ठेवून कॅसेटवर भरला होता. बाबांचा आवाज घरात तेवढाच उरला होता. घरात मोबाइल आला, तोवर घशाच्या आजाराने त्यांचा आवाज गेला होता.

"माळ्यावरच्या पिशवीत असन ना?" प्रवीण म्हणाला. "शोधते," म्हणत मी शिडी चढले.

पिशवी तिथे नव्हती. मला ते माहीत होतं, कारण ती मीच देऊन टाकली होती. दसऱ्याला आले तेव्हा घर आवरायला काढलं होतं. अडगळ दिसली की माझं डोकं फिरतं. शेजारचे दसरूकाका दारात आले आणि म्हणाले, "पोपट धान खाऊन राह्यले बाई. जुन्या कॅसेटा असन त दे." कॅसेटची फीत बांबूंना ताणून बांधली की वाऱ्यावर गुणगुणते, उन्हात चमकते, पाखरं येत नाहीत. आमच्याकडे सगळेच बांधतात. मी पिशवी उघडूनही पाहिली नाही. वर मीच म्हणाले, "सगळ्याच न्या, घर मोकळं होते."

माळ्यावर मी रिकामे डबे उगाच वाजवत बसले. खोटं बोलावं, उंदरांनी खाल्ली म्हणावं, असंही मनात आलं. लाज वाटली, पण आलं. खालून आई, गुणाबाई, शांतपणे म्हणाली, "उर्वशी, खाली ये. अन् सांग त्याले."

मी सांगितलं. प्रवीण ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त पायांत चप्पल घातली आणि निघाला. मी मागून जवळजवळ धावतच गेले.

दसरूकाकांचं अर्धं शेत कापून झालं होतं. उरलेल्या धानावर फिती गुणगुणत होत्या. कुठली गाण्यांची, कुठली बाबांची, कसं ओळखणार? प्रवीण एक फीत हातात धरून नुसता उभा राहिला. त्याचा चेहरा बघवेना.

काका घाबरेघुबरे झाले. "मले काय मालूम बापा! रिकाम्या डब्या कोठ्यात पोत्यात हायेत, पाह्य."

गोठ्यात मी पोतं पालथं केलं. बाराव्या की तेराव्या कॅसेटवर बाबांचं वळणदार अक्षर दिसलं, 'मुखरू, अंक दुसरा'. आत एका चाकावर फितीचे थोडे वेढे शिल्लक होते.

"बांधायले फीत कमी पडली नाई, म्हणून एवढी रायली," काका म्हणाले.

घरी येताच प्रवीण टेप पुढ्यात घेऊन बसला. तुटलेलं टोक त्याने चिकटपट्टीने रिकाम्या चाकाला जोडलं, बटण दाबलं. घरघर झाली, मग हार्मोनियमचे सूर आले. नायिका रडत होती, म्हणजे हात पिरगाळायचा प्रसंग होऊन गेला होता. माझी किंकाळी, बाबांचं ते वाक्य, त्यांचं हसणं, सगळं दसरूकाकांच्या धानावर होतं. अंक संपला, टाळ्या पडल्या. फीत संपत आली होती. प्रवीणने बटणाकडे हात नेला.

"थांब," आई म्हणाली.

टेपजवळ पावलं वाजली. बाबांचा आवाज आला, नाटकातला नाही, घरातला.

"अवो उर्वशीची माय, झोपली का पोरगी? लय भेली आज. माहं उपरणं टाक तिच्या अंगावर, थंडी हाय." मग दुसऱ्या कुणाला तरी, "बंद कर गा ते."

खट्.

मी भिंतीला टेकून मोठ्याने रडले. प्रवीणने नाक पुसलं आणि आईला विचारलं, "कुठी हाय ते उपरणं?"

"तू झाला तवा दुपटं शिवलं त्याचं," आई म्हणाली. "सालभरात फाडलं तू."

प्रवीण माझ्याकडे न बघता पाटावर जाऊन बसला. ताटातली वात केव्हाची विझली होती. ती मी पुन्हा लावली.